काट्यांच्या मुलखात ट्यूबलेस

आमच्याकडं रानातून घरी आलेला माणूस आधी पायरीवर बसतो आणि चप्पल उलटी करून बघतो. तळाला घुसलेले काटे पिनेनं नाहीतर दुसऱ्या काट्यानं उकरून काढायचे आणि मगच आत यायचं, लहानपणापासून मी हेच बघत आलोय. अशा जमिनीवर मी साडेतीन वर्षं ट्यूबवाली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची जाड टायरची सायकल, चालवली. शेवटी शेवटी तर मागच्या चाकाच्या ट्यूबला अकरा ठिगळं होती, बाराव्याला जागाच उरली नव्हती कारण दोन ठिगळं एकमेकांवर चढायला लागली होती.

मी अंबाजोगाईचा. बालाघाटच्या डोंगररांगेच्या कडेवर वसलेलं गाव, एका बाजूला सपाट काळी रानं आणि दुसऱ्या बाजूला दरी, आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडं गेलं की डोंगर एकदम खाली उतरायला लागतो. एमटीबीसाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. पायवाटा आहेत, गुरांच्या वाटा आहेत, मुरमाड चढ आहेत, काळा खडक आहे. आणि सगळीकडं काटे आहेत.

काट्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण ट्यूबलेसबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशातल्या जंगलातल्या वाटांबद्दल असतं आणि आपली अडचण तिथं नसते. आपल्याकडं सगळ्यात जास्त त्रास वेड्या बाभळीचा. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं, एकोणिसाव्या शतकात भारतात आणलं गेलं आणि आता ओढ्याच्या काठाला, पडीक जमिनीत, तळ्याच्या पोटात, जिथं बघाल तिथं तेच. काटा लांब नसतो फार पण टोक असलं कडक की बुटाच्या तळातून वर येतो. त्यात शेतकरी कुंपणाला, वाट बंद करायला, गंजीभोवती तिच्याच काट्या तोडून टाकतात, आणि त्या ओढत नेताना रस्ताभर काटे गळत जातात. मग साधी बाभूळ, तिचे पांढरे जोडकाटे तर बोटाएवढे लांब. बोरीला दोन काटे असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा, तो वाकडा टायरमध्ये घुसला की ओढून निघतच नाही. आणि दिवाळीच्या आसपास सराटा. पावसाळ्यात जमिनीवर पसरलेली ती पिवळ्या फुलांची वेल दिसायला किती साधी, पण फळ वाळून फुटलं की त्याच्या पाच फोडी होतात आणि प्रत्येक फोडीचा एक तरी काटा वरच्या बाजूला राहतोच, कशीही पडू दे. सराट्याच्या पट्ट्यातून एकदा चाक गेलं की एक पंक्चर होत नाही, पंधरा-वीस होतात, आणि घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली की सगळीकडून बुडबुडे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर आठवडाभरात दरीतून वर येताना मागचं चाक बसलं. जवळ एक जास्तीची ट्यूब होती, ती घातली, दोन किलोमीटरवर ती पण बसली, कारण टायरमध्ये अडकलेला एक काटा बोटाला लागला नव्हता. ठिगळं संपली होती, सोल्युशनची नळी उघडून बघितली तर आत सगळं वाळलेलं. अंधार पडायला लागला होता. नऊ किलोमीटर सायकल हातात धरून चालत आलो, त्यातले शेवटचे तीन तर रस्त्यानं ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या उजेडात. एकानं थांबून विचारलं पण ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरं, म्हातारी माणसं, एवढा संसार भरलेला होता, तिथं माझी सायकल कुठं टाकायची. मीच नको म्हणलं. त्या रात्री घरी आल्यावर ठरवलं की आता ट्यूबलेस करायचं.

आमचे आबा शेतकरी. त्यांना सांगितलं की आता चाकात ट्यूब ठेवायची नाही, तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "ट्यूबच नाही म्हणल्यावर हवा कशात थांबती रं?"

हा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि सगळी गोष्ट याच प्रश्नात आहे. मोटरसायकलला, कारला ट्यूबलेस टायर सगळ्यांनी बघितलेत पण तिथं रिम अखंड पत्र्याची नाहीतर अलॉयची असते, हवा जायला भोकच नाही. माझ्या सायकलच्या रिमला बत्तीस तारांची बत्तीस भोकं आहेत आणि वर व्हॉल्वचं एक. म्हणजे हवा टायर आणि रिमच्या मधल्या पोकळीतच कोंडायची, पण त्याआधी ही भोकं आतून टेपनं बुजवायची, व्हॉल्व असा बसवायचा की त्याच्या बुडाचं रबर भोकाला गच्च दाबून राहील, आणि टायरची कड रिमच्या काठाला चिकटून बसली पाहिजे. त्या कडेला इंग्रजीत बीड म्हणतात, योगायोगानं आमच्या जिल्ह्याचंच नाव, म्हणून घोटाळा नको, मी कडच म्हणतो. या तीन जागा हवाबंद झाल्या की ट्यूबची गरज संपते. राहिला काटा, तर त्यासाठी आत सीलंट ओततात.

सीलंट म्हणजे बहुतेक वेळा रबराचा चीक आणि त्यात बारीक कण मिसळलेले. आबांना मी रुईचं पान तोडून दाखवलं. पांढरा चीक बाहेर आला, दोन मिनिटांत वाळून चिकट पापुद्रा झाला. टायरात पण हेच होतं. काटा घुसतो, हवा त्या भोकातून बाहेर पळते, जाताना सीलंट सोबत ओढते, कण भोकात अडकतात आणि चीक बाहेरच्या हवेला लागून घट्ट होतो. बाटलीतला चीक आधीच घट्ट होऊ नये म्हणून कित्येक कंपन्या त्यात अमोनिया घालतात, झाकण उघडलं की तो वास नाकात जातो. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतेत तसं तू हे दूध भरायलास." तेव्हापासून आमच्या घरात सीलंटला दूधच म्हणतात आणि मी पण इथं आता दूधच लिहिणार.

हे काही कालचं फॅड नाही. मॅव्हिक या फ्रेंच कंपनीनं १९९९ मध्ये यूएसटी नावाची पद्धत आणली, त्यात रिमला आतल्या बाजूनं तारांची भोकंच नसायची त्यामुळं टेपची भानगड नव्हती आणि दुधाशिवाय पण हवा टिकायची. रिम-टायर जड आणि महाग व्हायचे. टेप आणि दूध ही आपली आजची पद्धत त्याच्या मागून रुळली. डोंगरातल्या सायकलींना पंचवीस वर्षं हे चालू आहे, आपल्याकडं फक्त गावापर्यंत यायला वेळ लागला.

सामानाचं थोडक्यात. माझ्या रिमवर ट्यूबलेस रेडी, म्हणजे ट्यूबशिवाय चालवता येईल अशी, असं छापलेलं होतं, आतली रुंदी २५ मिलिमीटर. आधी आपली रिम बघा, नसेल तसं छापलेलं तर या फंदात पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, कारण साध्या रिमला टायरची कड धरून ठेवायला आतमध्ये तो उंचवटा नसतो आणि उतारावर चालत्या चाकातून टायर सुटला तर जीवावर बेतेल. टायर पण ट्यूबलेस रेडीच पाहिजे. सायकलसोबत आलेला तारेच्या कडेचा टायर माझा अजून चांगला होता, तरी बाजूला ठेवला, कारण असल्या टायरच्या बगलेतून, म्हणजे बाजूच्या पातळ भागातून, हवा झिरपत राहते. २९ इंची घडीचे, म्हणजे कडेत तार नसलेले, दोन टायर घेतले, रुंदी पुढं २.३५ इंच आणि मागं २.२५. बाकी टेप, दोन व्हॉल्व, अर्धा लिटर दूध, औषधाची मोठी सिरींज, व्हॉल्वचा गाभा, म्हणजे नळीतला हवा अडवणारा भाग, काढायची प्लास्टिकची छोटी किल्ली. टायर सोडून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला.

आता टेप. जे काय शिकलोय ते इथंच शिकलोय, त्यामुळं वाचायला वेळ लागला तरी चालेल पण हे नीट वाचा.

टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त रुंद लागतो, कारण रिमचं तळ सपाट नसतं, मध्ये नाली असते आणि टेपला त्या नालीत उतरून परत दोन्ही बाजूंना वर चढायचं असतं. मी २९ मिलिमीटरचा टेप मागवला होता आणि ज्याच्याकडून मागवला त्यानं २४ चा पाठवला. परत पाठवून नवीन यायला आठ-दहा दिवस लागले असते आणि मला घाई झाली होती, मी तोच लावला. पुढचं चाक कसंबसं टिकलं. मागच्या चाकात रात्री हवा भरून ठेवली, सकाळी टायर जमिनीला टेकलेला. परत भरली, दुपारी परत तेच. मग अंगणात मोठ्या टबात चाक बुडवून हळूहळू फिरवलं तर एका तारेच्या निप्पलमधून, म्हणजे तार रिमला आवळणाऱ्या छोट्या नटमधून, बारीक बुडबुडे यायला लागले, आणि त्याच्या शेजारच्याच दोन निप्पलच्या मुळाशी पांढरं दूध साचलेलं. निप्पलमधून बुडबुडे म्हणजे टेप गळतोय, दुसरं काही नाही. टायर चांगला, व्हॉल्व चांगला, तरी हवा निप्पलमधून यायला लागली की समजायचं की टेपच्या कडेखालून हवा रिमच्या पोटात शिरली आणि आता तिला जिथून वाट मिळेल तिथून ती बाहेर येणार. ती बुडबुड्याची जागा म्हणजे गळतीची जागा असं पण नाही बरं का, टेप एका ठिकाणी उचललेला असतो आणि बुडबुडे हातभर लांब येतात.

सगळं काढलं, दूध गाळून परत बाटलीत भरलं, रुंद टेप येईपर्यंत थांबलो आणि पहिल्यापासून केलं. या वेळी असं केलं. जुनी रबरी पट्टी काढून रिम आतून आधी साबणाच्या पाण्यानं आणि मग स्पिरिटनं पुसली. आमच्या गावात मोठं सरकारी मेडिकल कॉलेज असल्यामुळं औषधाची दुकानं पावलापावलावर आहेत, स्पिरिट आणि सिरींज दोन्ही तिथंच मिळालं. पुसलेल्या जागेला नंतर बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा पण टेपला नको असतो. चाक दोन्ही गुडघ्यांत धरून खाली बसायचं, व्हॉल्वच्या भोकाच्या वीतभर अलीकडून टेप सुरू करायचा आणि ताणून ताणून पुढं न्यायचा, इतका ताणायचा की तो स्वतःच नालीत उतरायला बघतो. वीतभर झालं की थांबायचं, कापडानं मधून कडेकडं घासायचं, मग पुढं. पूर्ण फेरा झाला की भोकाच्या पलीकडं वीतभर नेऊन कापायचा म्हणजे भोकावर दोन थर येतात. कुठं फुगा राहिला, सुरकुती राहिली तर तेवढा भाग उचलून परत लावू नका, तो परत चिकटत नाही, सरळ नवीन टेप घ्या. दोन्ही चाकांना मला पाऊण-पाऊण तास लागला आणि तेवढा लागलाच पाहिजे.

यानंतर एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. टेप लावल्यावर लगेच ट्यूबलेस न करता टायरमध्ये ट्यूब घालून ३५ पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि चाक रात्रभर तसंच ठेवलं. ट्यूब आतून फुगून टेपला चहूबाजूनं दाबते, नालीच्या कोपऱ्यात जिथं बोट जात नाही तिथं पण टेप बसतो. दुसरा फायदा असा की टायरच्या दोन्ही कडा रिमला बसून राहतात. सकाळी फक्त एक बाजू उचलून ट्यूब बाहेर काढायची, दुसरी बाजू बसलेलीच असते, म्हणजे पुढचं काम अर्ध्यावर येतं. हो, व्हॉल्वसाठी भोक मात्र ट्यूब घालायच्या आधीच पाडून घ्या. मी पोती शिवायचं दाभण गॅसवर गरम करून टेपमध्ये बरोबर मधोमध टोचलं. ब्लेडनं फुली मारली तर चीर पुढं पुढं फाटत जाते, गरम दाभणानं कडा वितळून गोल भोक पडतं. आणि व्हॉल्वचं नट फक्त हातानं आवळायचं, पक्कड लावायची नाही, कारण रस्त्यात कधी ट्यूब टाकायची वेळ आली तर ते नट तुम्हाला हातानंच उघडायचंय.

टायर बसवायला घरचा उभा पंप कमी पडला. पंप मारून मारून दंड भरून आले पण उचललेल्या बाजूनं हवा फसफस निघून जायची. कडेला साबणाचं पाणी लावलं तरी तेच. त्याला एका झटक्यात भरपूर हवा लागते. मग चाक घेऊन बसस्टँडच्या बाजूच्या पंक्चरवाल्या चाचांकडं गेलो. चाचा तीस वर्षांपासून तिथं बसतात, माझ्या पहिल्या सायकलची पंक्चरं पण त्यांनीच काढलेली. त्यांनी चाक हातात घेऊन दाबलं, फिरवलं, व्हॉल्वकडं बघितलं.

"भैय्या, इसमें ट्यूब नई है."

"चाचा, ट्यूब घालायचीच नाही. मोटरसायकलसारखं करायचंय."

चाचा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग व्हॉल्वचा गाभा मी काढलेला होता त्या नळीत डोकावून बघितलं, कॉम्प्रेसरची हवा भरायची नेहमीची पाईप बाजूला ठेवली आणि धूळ उडवायची गन घेतली, तिच्या तोंडाला रबराचा तुकडा गुंडाळून ती नळीवर दाबली आणि म्हणाले, "पकडो चाक." एकदम सोडलेली हवा. टायर फुगला, एक टाक् आवाज झाला, मग दुसरा, मग तिसरा मोठा. हा आवाज म्हणजे टायरची कड उंचवटा ओलांडून आपल्या जागेवर जाऊन बसल्याचा. चाचांनी लगेच गन काढली. कॉम्प्रेसरनं करताना इथं फार सांभाळायचं, गनला मीटर नसतो आणि टायर-रिमवर जो जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो त्याच्या वर गेलं की टायर उडू शकतो. टाक् टाक् झालं की बास. गाभा काढलेला असल्यामुळं हवा सगळी निघून गेली तरी कड जागेवरच राहते. टायरच्या बगलेवर रिमच्या जवळून एक बारीक रेघ जाते, ती सगळीकडं रिमपासून सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे, एखाद्या ठिकाणी आत दबलेली दिसली तर तिथं अजून बसलेलं नाही. चाचांनी बोट फिरवत फिरवत ती रेघ सगळीकडून तपासली, मला सांगायची गरज पडली नाही. पैसे घेतले नाहीत. "पहले चलके देखो, फिर देना."

दूध ओतायच्या आधी बाटली चांगली मिनिटभर हलवायची, कारण कण तळाला बसलेले असतात आणि वरचं पातळ नुसतं ओतलं तर काट्याच्या भोकाला ते काही कामाचं नाही. २९ इंची चाकाला पुढं-मागं ११०-११० मिली घातलं, सिरींजनं व्हॉल्वच्या नळीतूनच. गाभा बसवला, पंपानं ३० पर्यंत हवा, मग चाक गरगर फिरवायचं, आडवं धरून हेलकावे द्यायचे, घमेल्यावर आडवं ठेवायचं, अर्ध्या तासानं पलटायचं. टायरच्या बगलेवर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, रबरातली बारीक छिद्रं बुजतायत. पहिल्या दिवशी थोडी हवा उतरतेच. परत भरायची आणि सरळ फेरी मारून यायचं, चालवल्यानं दूध सगळीकडं पोचतं, नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं तर खालीच साचून राहतं.

वजन किती कमी झालं विचाराल तर काही फार नाही. एका चाकामागं ट्यूबचे दोनशेएक ग्रॅम गेले आणि दूध, टेप, व्हॉल्वचे सव्वाशे-दीडशे आले. फरक पडतो तो हवेच्या दाबात. ट्यूब असताना मी ३८ ठेवायचो, कारण कमी ठेवली आणि काळ्या दगडाच्या कडेवर चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चेपून तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडायची. आता चेपायला ट्यूबच नाही. माझं वजन ७४ किलो, मागं २५ आणि पुढं २२ ठेवतो. पहिल्यांदा त्या दाबावर मुरमाचा चढ चढलो तेव्हा मागचं चाक दगडावरून उडायचंच बंद झालं, टायर दगडाला मिठी मारून वर जायचा, जिथं दरवेळी चाक जागेवर फिरून पाय टेकावा लागायचा तिथून मी बसूनच वर गेलो. वर जाऊन थांबलो, सायकल आडवी टाकली आणि तो चढ परत चालत जाऊन बघून आलो, खरंच तोच आहे का म्हणून. एवढा आनंद मला नवीन सायकल घेतली तेव्हा पण झाला नव्हता. काळ्या रानातल्या चिखलात मात्र याचा काही उपयोग नाही, पावसाळ्यात तिथं कुठलंही चाक दहा मीटरमध्ये जाम होतं, तिकडं सायकल घालूच नये.

मागच्या जानेवारीत पुतण्याला घेऊन हुरड्याला एका मित्राच्या रानात निघालो होतो, मधल्या वाटेनं. एका उताराला खडकाच्या धारेवर मागच्या टायरची बगल घासली आणि दूध कारंज्यासारखं उडालं, माझ्या पाठीवर, पुतण्याच्या तोंडावर. सेंटिमीटरभराची चीर. काट्याचं भोक दूध बुजवतं, पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला प्लगची दोरी, म्हणजे भोकात खुपसायची चिकट दोरी, घालता येते, पण बगलेतली एवढी चीर दोन्हीनं थांबत नाही. म्हणून मी अजूनही सोबत एक ट्यूब ठेवतोच. टायर उतरवला, व्हॉल्व हातानं काढला, आणि ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायला लागलो.

एक काटा लागला. मग दुसरा. पुतण्यानं शेजारच्या सपाट दगडावर एकेक ठेवायला सुरुवात केली. वेड्या बाभळीचे नऊ, बोरीचे दोन, सराट्याच्या तीन फोडी. चौदा. प्रत्येकाच्या मुळाशी वाळलेल्या चिकाची इवलीशी पांढरी टोपी. एवढे सगळे काटे घेऊन मी किती दिवस फिरत होतो कोण जाणे, हवा आठवड्याला तीन-चार पीएसआयच्या वर कधी उतरली नव्हती. यातला एक जरी आत राहिला असता तरी घातलेली ट्यूब शंभर मीटरमध्ये बसली असती, म्हणून ट्यूबलेसवाल्यांनी हे विसरू नये, रस्त्यात ट्यूब टाकायच्या आधी टायर आतून पूर्ण चाचपायचा, अगदी दोन फेरे. चिरेच्या आतून जाड पुठ्ठ्याचा तुकडा लावला, ट्यूब भरली, आणि हुरडा गरम असतानाच पोचलो. चाचांनी नंतर त्या चिरेला आतून मोटरसायकलच्या टायरचं ठिगळ मारून दिलं, ते आजपर्यंत टिकलंय.

राहिला उन्हाळा, आणि आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. बाटलीवर तीन महिने, सहा महिने असं काहीबाही लिहिलेलं असतं, ते थंड हवेला ठीक. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो, हवा कोरडी, सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी. पहिल्या उन्हाळ्यात मी मार्चमध्ये भरलेलं दूध मे च्या सुरुवातीला बघितलं तर टायरच्या आत नुसता रबरी पापुद्रा आणि लिंबाएवढा चिकाचा गोळा, ओला थेंब नाही. टायर तर टणक होता, वरून काहीच कळत नव्हतं. म्हणजे मी कमीत कमी काही दिवस तरी कोरड्या टायरवर फिरत होतो आणि पहिल्याच काट्याला बसलो असतो. तेव्हापासून होळी ते मृग दर महिन्याला तपासतो. चाक कानाजवळ धरून हलवलं की आत डचमळल्याचा आवाज आला पाहिजे. नक्की किती आहे ते बघायला व्हॉल्व खाली आणून दहा मिनिटं थांबतो म्हणजे दूध तिथं साचतं, मग व्हॉल्व जरासा वर घेऊन हवा सोडतो, गाभा काढतो आणि खराट्याची काडी नळीतून आत टायरच्या तळापर्यंत घालतो, विहिरीत पाणी किती आहे ते बघावं तसं. काडी किती ओली झाली त्यावर किती घालायचं ते ठरतं. सायकल पण आता शेडमधून काढून आबांच्या खोलीच्या मागं, जाड मातीच्या भिंतीच्या सावलीत ठेवतो.

काल संध्याकाळी काडी घालून बघितली. पुढच्या चाकात नखभर ओली आली, मागच्यात नुसतं टोक. मागं साठ मिली घातलं, पुढं तीस, गाभ्यात अडकलेला चीक पिनेनं काढला, हवा भरली. आबा ओट्यावर बसून बघत होते, म्हणाले, "कमीच घातलंस, वरचं ऊन बघ की जरा." मग मागच्यात अजून वीस घातलं. दोन्ही चाकं घमेल्यावर आडवी ठेवली आहेत, पहाटे पाचला उठून पलटायची आणि सहाच्या आत दरीत उतरायचं, ऊन चढायच्या आत वर यायला पाहिजे.